गोणपाटाची खोली

इचलकरंजीत राहत होतो तोवर शांतता कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच मागांची शेड होती, पलीकडच्या गल्लीत दुसरी, तिच्यामागं आणखी एक. खटाखट खटाखट सारखी चालू. कामगारांच्या पाळ्या बदलायच्या, आवाज तोच राहायचा. घरात बोलायचं ते ओरडूनच. आई फोडणी टाकायची तेव्हा मोहरी तडतडताना दिसायची, ऐकू यायची नाही. शेजारी भांडण लागलं तर ते आम्हाला हातवाऱ्यांवरून कळायचं. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम गप्प व्हायचे आणि गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागायची.

माझा तबला त्या गल्लीत सुरू झाला. आबांच्या शेडमधल्या लोकांचं भजनी मंडळ होतं, त्यांची एक जुनी जोडी वापराविना पडली होती. आबांनी ती घरी आणली, मंडळातल्याच एकानं मला चार बोल शिकवले आणि मी शाळेतून आल्यावर बडवत बसायला लागले. कुणाला त्रास व्हायचा प्रश्नच नव्हता. मला स्वतःलाच धड ऐकू यायचं नाही. आबा जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग पुन्हा चालता करून देणारा माणूस. मागांत उभं आयुष्य काढल्यानं त्यांचे कान अधू झाले होते. मोठ्यानं बोललेलं कळायचं, बारीक बोलणं अर्ध्यातच विरून जायचं. ते माझ्यासमोर मांडी घालून बसायचे, फरशीवर तळहात टेकायचे आणि डोळे मिटायचे. माझी सम चुकली की तळहात उचलून म्हणायचे, "शोभे, पाय घसरला तुजा." डग्ग्याचा घुमारा फरशीतून त्यांच्या हातापर्यंत पोचायचा. तबल्याची बारीक चाट नाही पोचायची. ती त्यांनी मनानंच धरलेली असायची.

मग आईला कोल्हापुरात बालवाडीवर नोकरी लागली आणि आम्ही राजारामपुरीत राहायला आलो. आबांचं काम तिकडंच राहिलं. सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी यायचे. इमारत लहानशी. खाली मालक, माने, त्यांचं पुढच्या अंगाला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मधल्या मजल्यावर कुलकर्णी सर आणि त्यांच्या पत्नी. सर बाहेरच्या खोलीत दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घ्यायचे. त्यांच्यावर आम्ही. आजूबाजूला दवाखाने, क्लासेस, दुकानं. रस्त्यावर रिक्षा-दुचाक्यांची वर्दळ असायची, पण मागच्या बाजूच्या खोल्यांत अशी शांतता की नळाचा थेंब पडलेला ऐकू यावा.

पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो होतो. झुणका-भाकरी आणि लसणाची चटणी. आबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चटणी वाढ गं जरा!" तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी हसलं. आईचा घास हातातच राहिला.

"खालची ऐकालीत," ती म्हणाली.

"आँ?" आबा ओरडले.

आईनं ओठांवर बोट ठेवलं. ते बोट पुढं बराच काळ तिथंच राहिलं असं मला आता वाटतं. खालचे त्यांच्या त्यांच्या गोष्टीवर हसले असतील, पण आईला ते कधीच पटलं नाही. त्या घरात ती वेगळीच झाली. इचलकरंजीत दार सताड उघडं टाकून झोपणारी बाई इथं भांडी घासतानासुद्धा कानोसा घ्यायला लागली. खाली खुर्ची सरकली, दार लागलं, कुणी खोकलं, की तिच्या कपाळावर आठी. "आपलं सगळं त्यांना कळतंय," असं म्हणायची. काय कळण्यासारखं होतं आमच्याकडं, ते मात्र तिलाही सांगता आलं नसतं.

तबला मी मागच्या खोलीत वाजवायची. आता मंगळवार पेठेतल्या एका मास्तरांकडं रीतसर शिकायला जात होते. त्यांनी दिलेला कायदा, म्हणजे बोलांचा धडा, घरी घोटायचा तो शाळा सुटल्यावर, आणि नेमकी तीच सरांच्या शिकवणीची वेळ. काही दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी सर वर आले. आई बाजारात गेली होती, आबांना त्या दिवशी सुट्टी होती. दार आबांनी उघडलं. मी आतून पाहिलं. सर दारातच उभे, दोन्ही हात जोडल्यासारखे पोटाशी धरलेले, मान किंचित वाकलेली. त्यांचा आवाज फार मऊ होता. मला आतपर्यंत काही ऐकू आलं नाही. आबा तेवढे मोठमोठ्यानं म्हणत होते, "व्हय, व्हय सर. काय काळजी करू नगा. व्हय."

दार लावून आबा आत आले, माझ्यासमोर बसले आणि तबल्यावर हात ठेवला.

"बंद करा म्हणालेत."

"कायमचं?" मी विचारलं.

"बंद म्हणजे बंद की. पोरास्नी गणितं सुटंनात म्हणं. चांगला माणूस हाय, लई नरम बोलतोय. पण बंद करा म्हणाला."

आई आली, तिला कळलं, आणि ती भाजीची पिशवी न ठेवताच उभ्याउभ्या म्हणाली, "मला म्हाईतच हुतं. त्यांस्नी आपलं वाजवणं हलकं वाटतंय. वरनं आपण तालीममंडळातली माणसं आल्यागत वाटत आसू." मी म्हटलं, आपण खाली जाऊन नीट विचारू या, वेळ बदलू या. आई माझ्याकडं अशी बघत राहिली की मी पुढचं बोललेच नाही. "कुणाच्या दारात हात जोडायला जायचं न्हाय," ती म्हणाली.

आबा मात्र छताकडं बघत होते. त्यांच्या डोक्यात माग बिघडल्यावर असतो तसा विचार चालला होता. थोड्या वेळानं म्हणाले, "वाजवायचं थांबायचं न्हाय. खाली ऐकू गेलं न्हाय म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून आबा येताना गाठोडं आणायला लागले. मागाखाली साठणारं सुताचं तेलकट केरकचऱ्यासारखं जे झाडून काढतात, ते. शेडमध्ये त्याला वेस्ट म्हणायचे. घरी आणून ते गोणपाटाच्या पोत्यांत ठासून भरायचे आणि दाभणानं तोंडं शिवायचे. ती पोती भिंतीला खिळे मारून टांगली. खिडकी बुजवली. दाराला आतून एक जाड गोणपाट. जमिनीवर हातभर जाडीची गादी, तिच्यावर तबला-डग्गा, आणि मी. घरातली ती एवढीशी खोली धान्याच्या वखारीसारखी दिसायला लागली. आत वारा नाही. मशीनच्या तेलाचा वास कपड्यांना, केसांना, दप्तरालासुद्धा. बारीक तूस नाकात जायचं आणि मी बोलांच्या मधेच शिंकायची. आई रोज माझ्या वेणीतून पांढरे धागे वेचून काढायची, आणि ते कचऱ्यात टाकायच्या आधी कागदात गुंडाळायची. जिन्यात पडले तर कुणीतरी बघेल म्हणून.

खोली तयार झाल्यावर आबांनी मला वाजवायला सांगितलं, दार लावून स्वतः बाहेर उभे राहिले आणि आनंदानं आत आले. "कायसुदिक ऐकू येत न्हाय!"

"तुमाला कुठं ऐकू येतंय!" आई म्हणाली. त्या दिवसांत ती हसली असेल तर तेवढीच. मग ती स्वतः गेली. कुलकर्ण्यांच्या दारापुढच्या जिन्यात उभी राहून कान देत होती, तर कुलकर्णीवहिनी दार उघडून बाहेर आल्या.

"काय शोधताय वहिनी?"

"कुडी पडली," आई म्हणाली. तोंडाला येईल ते बोलली बिचारी.

मग दोघी जिन्याच्या पायऱ्या चाचपत कुडी शोधत बसल्या. कुलकर्णीवहिनींनी घरातून बॅटरी आणली, कोपरे पाहिले, पायपुसणं झटकलं. आणि शोधता शोधता त्यांची नजर आईच्या कानांवर गेली. दोन्ही कानांत दोन कुड्या. त्यांनी बॅटरी विझवली आणि दार लावून घेतलं. वर येऊन ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "आता त्या म्हणत असणार, ही बाई आमच्या दाराला कान लावून उभी ऱ्हाती."

म्हणत असणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं.

तबल्याचा आवाज खरंच बाहेर जात नव्हता. त्याचा टणत्कार गोणपाटात जिरून जायचा. डग्गा मात्र पुरता बुजला नाही. त्याचा घुमारा मेला आणि नुसता धप्प धप्प असा ठोका उरला, तो जमिनीतून खाली उतरायचा. आम्हाला ते कळलं नाही. कळणार कसं? आबांना कान नव्हते, आई पुन्हा जिन्यात उभी राहायला तयार नव्हती, आणि मी गादीवर बसलेली.

मंगळवार पेठेत मास्तरांनी दोन-तीनदा माझा हात थांबवला. त्यांची खोली तालमीशेजारी होती, खिडकीतून शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे, त्यातही त्यांना माझ्या बोटांतलं उणं ऐकू जायचं. "‘ना’चा बोल बोदा येतोय तुझा. घरी वाजवतेस का नुसती पुस्तकं चाळतेस?"

"वाजवते मास्तर. रोज वाजवते."

"रोज वाजवणाऱ्याचा ‘ना’ असा येत न्हाय." त्यांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली. बोटांच्या पेरांवर घट्टे होते, ते दिसत होते. तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. खोलीबद्दल मी सांगितलं नाही. आईनं सांगून ठेवलं होतं, तबल्याचं बाहेर कुणाजवळ काही बोलायचं नाही. मास्तरांकडचं कुणी राजारामपुरीत राहत असलं तर?

आता मी राहते त्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिहितं, वरच्या मजल्यावर नक्की काय चाललंय, फर्निचर ओढताय का, पीठ दळताय का. मी वाचते आणि फोन बाजूला ठेवते. उत्तर देणारा खरं सांगतो तरी कुणाला पटत नाही, हे मी फार लवकर पाहिलंय.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका दुपारी कुलकर्णीवहिनी वाटीभर शेवयांची खीर घेऊन वर आल्या. आई दार अर्धवट उघडून उभी राहिली, दुसरा हात चौकटीला. वहिनींनी खीर दिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोलता बोलता त्यांची नजर आईच्या खांद्यावरून आत गेली. मागच्या खोलीच्या दारावर टांगलेलं गोणपाट त्यांना दिसलं. आईनं दार आणखी ओढून घेतलं. "शोभा निजलीय," म्हणाली. वहिनी खाली गेल्या. आईनं खिरीची वाटी ओट्यावर ठेवली, वास घेतला, चमच्यानं ढवळून पाहिली.

"कशाला आणली आसंल?"

"खायला," मी म्हटलं.

"कोण न मागता खीर देतंय? बघायला आलती ती." ती खीर मी आणि आबांनी खाल्ली. वेलदोडा, जायफळ, वरून चारोळ्या. आईनं बोट लावलं नाही. वाटी धुऊन, पुसून दुसऱ्या दिवशी रिकामीच परत दिली. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नसते, एवढं तिला कळत नव्हतं असं नाही.

नंतर एके दिवशी मी शाळेतून येत असताना मानेमालकांनी मला दुकानातून हाक मारली. हातात उघडलेली मोटार, बोटं काळी. "काय गं ए, वर काय मशीन बसवलंय तुमी?"

"न्हाय मालक."

"मग धाड धाड काय वाजतंय संध्याकाळचं? मला मशीनचा आवाज कळतोय, माझा जलम त्यात गेलाय. आनि तुजा बा गाठोडी आनतोय ती कसली?"

"कचरा हाय," मी म्हणाले आणि पळत वर आले. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. वर येऊन आरशात पाहिलं तर चेहरा मात्र चोरासारखा दिसत होता. कचरा कोण बाहेरून घरात आणतं? कुणाला पटणार होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबा भर दुपारी घरी आले. हातात गाठोडं नव्हतं, जेवणाचा डबा तसाच भरलेला. पायऱ्यांवरची त्यांची पावलं ऐकून मला वाटलं दुसरंच कुणीतरी आलंय. ते खुर्चीवर बसले, चप्पल न काढता. आई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"फाटकावर गाठोडं सोडून बघितलं माजं," ते म्हणाले. "सगळ्या पोरांच्या म्होरं. शेडच्या मालकाच्या कानावर गेलंय, शंकर जॉबर सूत चोरून नेतोय आनि घरात माग घातलाय. चौकशी हुईस्तवर येऊ नगा म्हणाले."

ते नेहमी ओरडून बोलायचे. त्या दिवशी इतकं हळू बोलले की आईलाच वाकून ऐकावं लागलं. मला ते सगळ्यात भीतीदायक वाटलं.

"कुणी सांगिटलं त्यांस्नी?"

आबांनी खांदे उडवले. आई खाली फरशीकडं बघत राहिली, जणू तिला फरशीतून खालचं घर दिसत होतं. "तीच. खीर घेऊन आलती ती."

त्या दिवसापासून तबला बंद झाला. आबा दिवसभर घरात. ते घरात कधी नसायचेच, त्यामुळं कुठं बसायचं तेही त्यांना कळेना. सकाळी एसटीच्या वेळेला उठून आंघोळ करून तयार व्हायचे आणि मग गॅलरीत उभे राहायचे. खालून कुलकर्णी सर दिसले की आत यायचे. आई बालवाडीतून येताना जिन्यात वहिनी दिसल्या तर भिंतीकडं तोंड करून वर यायची. घरात रेडिओ नाही, बोलणं नाही. भाकरी थापतानासुद्धा आई हात हळू आपटायची. आणि मला पुढं कळलं की आमची ही चुप्पीच खालच्यांना जास्त खटकली. रोजचा ठोका एकदम थांबला, याचा अर्थ यांना कुणकुण लागली, यांनी मशीन हलवलं, असं मानेमालकांनी सांगायला सुरुवात केली.

शेवटी शेडचे दिवाणजी आले. हिशोब आणि माल सांभाळणारे, धोतर-टोपीतले, वयस्कर. आधी खाली मान्यांकडं गेले असावेत, कारण मान्यांचा आवाज जिन्यातूनच आला, "या पावणं, या वर, दावतो तुमाला." मागोमाग कुलकर्णी सर आले, त्यांना कुणी बोलावलं होतं की ते स्वतःहून आले ते कळलं नाही. त्यांच्या मागं वहिनी, दाराबाहेरच थांबलेल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती. तिची नजर फक्त वहिनींवर.

"शंकरराव, खोली बघायची हाय," दिवाणजी म्हणाले.

आबांनी गोणपाट बाजूला केलं.

सगळे आत शिरले आणि दारातच अडखळले. मला आजही त्यांचे चेहरे आठवतात. चारी भिंती पोत्यांच्या, बुजवलेली खिडकी, वर एक बल्ब आणि मधोमध गादीवर तबला-डग्गा. दिवाणजींनी एका पोत्याची शिवण उसवली, मूठभर वेस्ट बाहेर काढलं, बोटांत पिंजलं, नाकाशी नेलं. दुसरं पोतं उसवलं, तिसरं उसवलं. सुताची एकही गुंडी नाही, धड धागा नाही. तेलात माखलेला गुंता नुसता.

"हे तर झाडलोट हाय," ते म्हणाले. "शंकरराव, हे नेताना एकदा विचारायचं तरी हुतं मला."

"इचारलं की!" आबांचा आवाज परत आला, पूर्वीसारखा. "शेडात तुमच्या म्होरं हुबा राहून इचारलं. तुमी मान हालवलीसा."

दिवाणजी त्यांच्याकडं बघतच राहिले. "शेडात काय ऐकू येतंय व्हय रे बाबा? कोण काय म्हणालं की मी मान हालवतोय."

"पण मशीन?" माने पुढं झाले. "मशीन कुटं हाय? आवाज मी माझ्या कानानं ऐकलाय."

आबा माझ्याकडं वळले. "शोभे, वाजव."

मी गादीवर बसले. कायद्याचे पहिले बोल नीट आलेच नाहीत. परत सुरू केलं. धप्प धप्प. माने मान तिरकी करून ऐकत होते. "असला नव्हता," ते म्हणाले. "आपल्याला दावायला वाजवालीय ही. आवाज निराळा हुता."

तेव्हा कुलकर्णी सर पहिल्यांदा बोलले. "मी खाली जातो. मी रोज ऐकतो तो आवाज, मला कळेल." ते खाली गेले. आम्ही सगळे तसेच उभे. खालून त्यांचा आवाज आला, त्यांना जमेल तेवढा मोठा, "वाजव बाळ!" मी वाजवलं. खूप वेळ वाजवलं, कारण थांबायचं कधी ते कुणी सांगेना. सर वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"हाच," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी हाच. हा तबला आहे?" आणि मग भिंतींकडं बघत, "पण हे असं कोंडून का वाजवते ही?"

"तुमच्यापायी!" आईचा बांध फुटला. "तुमीच आलता न्हवं बंद करा म्हणून? मग आता हिला काय रस्त्यावर बसवू?"

सरांनी आबांकडं पाहिलं, मग आईकडं. "मी बंद करा म्हणालो नाही हो. परीक्षा होईपर्यंत थोडे दिवस या वेळेला नको, एवढंच म्हणालो. परीक्षा होऊन किती दिवस झाले. तबला परत सुरू होईना, तेव्हा हिनं," त्यांनी दाराबाहेर वहिनींकडं हात केला, "ही म्हणाली, मुलीचं शिक्षण आपल्यामुळं सुटलं. म्हणून खीर घेऊन आली होती ती. सांगायला, की आता वाजवू दे."

आबांना सरांचं बोलणं पुरतं ऐकू आलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "परीक्षेपुरतं म्हणालेते, आबा. परीक्षेपुरतंच." ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. त्यांना आपल्या कानांची लाज वाटलेली मी तेव्हाच पाहिली.

"मग शेडच्या मालकाकडं चुगली कुणी केली?" आई अजून वहिनींकडंच बघत होती.

"चुगली कसली त्यात?" माने म्हणाले. "मी सांगिटलं. माझा पावणा हाय तिकडं, त्याला म्हणालो. माझ्या इमारतीत मशीन चालवाल, भिंतीला तडं जातील, मी गप बसू व्हय? चुकलं आसंल तर चुकलं." एवढं बोलून ते तरातरा खाली गेले, आणि दुकानात जाऊन हातोडीनं काहीतरी ठोकत बसले. माफी मागायची त्यांची रीत तीच असावी.

दिवाणजींनी आबांना सोमवारपासून यायला सांगितलं. आई चहा ठेवायला वळली, पण दिवाणजी थांबले नाहीत. वहिनीही दारातून निघून गेल्या होत्या. आईनं त्यांना हाक मारली नाही. तिला मारायची होती, असं मला वाटलं. तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं.

आबा कामावर गेले, पण फाटकावर गाठोडं सोडलेलं ते विसरले नाहीत. पुढं कित्येक वर्षं ते रिकाम्या हातानं घरी यायचे. रस्त्यात कुणी भडंगाची पुडी दिली तरी ती खिशात न घालता हातात उघडी धरून आणायचे. त्यांच्याशी कुणी गोड बोललं की ते आधी त्या माणसाचा चेहरा निरखायचे. "आसं का म्हणाला आसंल त्यो?" हे वाक्य आईचं होतं, ते आता आबांच्याही तोंडी आलं.

कामावर परतल्यावरच्या पहिल्याच सुट्टीला त्यांनी एकट्यानं सगळी पोती उतरवली, खिळे उपटले, खिडकी मोकळी केली. खोलीत इतका उजेड आला की ती दुसऱ्याच घरातली वाटली. मी उघड्या फरशीवर चुंबळ ठेवली, तबला ठेवला आणि पहिला ‘ना’ वाजवला. तो खोलीभर झाला, खिडकीतून बाहेर गेला, आणि मला माझं खरं वाजवणं ऐकू आलं. मास्तर खरं बोलत होते. बोट चुकीच्या जागी पडत होतं, काठावरून घसरत होतं, आणि गोणपाटानं ते इतके दिवस माझ्यापासूनही लपवलं होतं. मला रडू यायला लागलं. तरी मी वाजवत राहिले.

आबा माझ्यासमोर बसले नाहीत. ते उठून बाहेर गेले. मी खिडकीतून त्यांचा आवाज ऐकला, खालून, कुलकर्ण्यांच्या दारातून. आख्ख्या राजारामपुरीला ऐकू जाईल असा.

"सर, ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय."

"बरं वाजवालीय का?"

सर काहीतरी बोलले. नेहमीसारखं मऊ.

"मोठ्यानं सांगा! आनि मला बरं वाटावं म्हणून सांगू नगा, खरं काय ते सांगा!"

मी हात थांबवला. मग सर, मुलांना गणित समजावून सांगायचे तसं एकेक शब्द तोडून, घसा ताणून ओरडले, "अजून चांगलं वाजत नाही! पण थांबवू नका!"

आबा वर आले ते हसतच. जिना चढून धाप लागली होती. "चांगलं वाजत न्हाय म्हणाले सर," त्यांनी मला सांगितलं, आणि कित्येक दिवसांनी पूर्वीसारखे पाय पसरून बसले. "खरं बोलणारा माणूस हाय. त्यांच्यावर इस्वास ठिवायला हरकत न्हाय."

"त्यांस्नी काय कळतंय तबल्यातलं!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या एका हातात कुलकर्णीवहिनींचीच दुसरी कुठलीतरी वाटी होती, कधी आलेली ते मला माहीत नाही, आणि दुसऱ्या हातानं ती तिच्यात शेंगदाण्याचे लाडू रचत होती.